भावनांच्या तासिकेत शिकलेले मैदानावर का दिसत नाही?

प्रश्न (वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी)

आमच्या शाळेत सामाजिक-भावनिक शिक्षणासाठी आठवड्यातून एक तासिका राखून ठेवलेली आहे. राग आल्यावर काय करावे, मित्र दुखावला गेल्यास कसे बोलावे, याची अचूक उत्तरे मुले त्या तासिकेत देतात. परंतु मधल्या सुट्टीत कोण बाद झाले यावरून वाद पेटला की तीच मुले एकमेकांच्या अंगावर धावून जातात. त्यातच, या विषयाला प्रगतिपुस्तकात श्रेणी द्यावी असा प्रस्ताव पुढे आला आहे. तासिकेची रचना कशी बदलावी, आणि श्रेणी देणे योग्य ठरेल का?

उत्तर १ (शालेय समुपदेशक)

तासिका बंद करू नये, असे मी आधीच सांगेन. २१३ शालेय कार्यक्रमांचा आणि २,७०,०००हून अधिक विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची कौशल्ये आणि वर्तन यांबरोबरच त्यांची शैक्षणिक संपादणूकही सुधारलेली आढळली; मात्र संपादणुकीतील ही सुधारणा शाळेतील शिक्षकांनीच राबवलेल्या कार्यक्रमांत दिसली, बाहेरून आलेल्या तज्ज्ञांच्या कार्यक्रमांत नाही. टप्प्याटप्प्याने शिकवणे, प्रत्यक्ष कृती करून घेणे, पुरेसा वेळ देणे आणि नेमके कोणते कौशल्य शिकवायचे हे ठरवणे, या चार गोष्टी जिथे पाळल्या गेल्या तिथे परिणाम अधिक चांगले होते.

आपल्या वर्गात बहुधा कृतीची बाजू कमी पडत असावी. शांत बसलेल्या मुलाला सुचणारे उत्तर संतापलेल्या मुलाला सुचत नाही, म्हणून सराव प्रसंगाच्या जवळ न्यावा लागतो. खेळ सुरू होण्यापूर्वीच 'बाद आहे की नाही यावर एकमत झाले नाही तर काय करायचे' हे मुलांकडून ठरवून घ्यावे आणि वाद झालाच, तर दोघेही शांत झाल्यावर त्याच नियमाकडे परत यावे. त्या वेळी 'असे का केलेस?' असे विचारले की मूल बचावाला लागते. 'काय झाले ते सांग' एवढे म्हटले तरी ते बोलू लागते.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक)

वरील मुद्द्यांना माझी एक जोड आहे, आणि ती मोठ्यांविषयी आहे. गृहपाठ अपुरा राहिला म्हणून एखाद्या मुलाला सर्वांसमोर लाजवायचे आणि पुढच्या तासिकेला सहानुभूतीचा पाठ घ्यायचा, यातून मुले जे शिकायचे ते शिकतातच. भांडणानंतर बळजबरीने वदवून घेतलेल्या 'सॉरी'चेही तसेच आहे.

शिवाय प्रत्येक वाद हा कौशल्याच्या अभावातून होत नाही. एकच मूल सतत लक्ष्य होत असेल, तर तो छळ आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याऐवजी आधी त्या मुलाला सुरक्षित करावे. सतत चिडणाऱ्या मुलाच्या बाबतीत ऐकण्यातील अडचण, अपुरी झोप किंवा घरातील ताण यांचीही चौकशी करावी.

उत्तर ३ (अभ्यासक्रम समन्वयक)

श्रेणीला माझा स्पष्ट विरोध आहे. गुण मिळणार म्हटल्यावर शिक्षकांना आवडेल तेच मुले लिहितील आणि मुळात अबोल असलेले मूल 'भावनिकदृष्ट्या कच्चे' ठरेल. नोंद ठेवायचीच असेल तर ती वर्गाची ठेवावी: मोठ्यांना न बोलावता किती वाद मिटतात, गटकामात कोण नेहमी बाहेर राहते, मदत मागायला मुले कचरतात का.

उत्तर १ मधील आशावादाला मात्र थोडी मर्यादा घालावीशी वाटते. ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यात सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी मनात काय चालले आहे याकडे शांतपणे लक्ष देण्याचे) प्रशिक्षण हे शाळांमध्ये आधीपासून चालू असलेल्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाही, आणि बहुतेक मुलांनी वर्गाबाहेर त्याचा सराव फारसा केलाच नव्हता. म्हणून नवा, आकर्षक कार्यक्रम विकत घेण्याची घाई करू नये.

वर्गशिक्षिका

मनःपूर्वक आभार. खेळाचे नियम मुलांकडून लिहून घेण्यास या आठवड्यात सुरुवात करते, आणि श्रेणीऐवजी वर्गाच्या नोंदीचा पर्याय शिक्षकसभेत मांडते. एक शंका उरते: 'गटकामात कोण बाहेर राहते' अशा नोंदीत मुलांची नावे येणारच, तेव्हा ती वही वर्गशिक्षक आणि समुपदेशक यांच्यापुरती ठेवावी, की पालकांनाही दाखवावी?

उत्तर १ (शालेय समुपदेशक)

वही दोघांपुरतीच ठेवावी. पालकांशी त्यांच्या स्वतःच्या पाल्याविषयी प्रत्यक्ष बोलावे; इतर मुलांची नावे त्यांच्यासमोर येऊ देऊ नयेत.