थकवा : ताण की कमतरता? (जाणकारांचा अनुभव धागा)

रानजाई
केसगळतीच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, "टेन्शनने गळतायत, बायोटिन चालू कर." वाचलं आणि औषधाच्या दुकानाचा काउंटर डोळ्यांसमोर आला. तिथे दिवसभर दोनच शब्द कानावर पडतात, वीकनेस आणि टेन्शन. दोन्हींवर मागणी एकच, "ताकदीची गोळी द्या." इथे लॅबवाले, नर्स, डॉक्टर, आहारतज्ज्ञ बरेच आहेत. आपापल्या कामात नेहमी दिसणारी चूक लिहा. नेमकी लिहा : किती, कधी, कशाबरोबर.

मी बायोटिनपासूनच (बी-७ जीवनसत्त्व) सुरू करते. दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशे पटींहून जास्त. खरी कमतरता विरळा, त्यामुळे केसांना फारसा फायदा नाही. तोटा मात्र होतो : बऱ्याच मशीनवरची थायरॉइडची तपासणी बायोटिनच्या चिकटण्यावरच चालते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खोटं कमी आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटं जास्त येतं. थायरॉइड उफाळल्याचा रिपोर्ट हातात पडतो आणि माणूस ठणठणीत असतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवा. ट्रोपोनिनच्या (हृदयाला इजा झाली का ते बघायच्या) तपासणीतही हाच घोटाळा होऊ शकतो, म्हणून छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलात तर बायोटिन चालू असल्याचं आवर्जून सांगा.

आणि ताणाने केस गळतात ते लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. गेल्या आठवड्यातलं भांडण आठवू नका. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, ऑपरेशन, कडक डाएट, घरातला मृत्यू, असं काही तीन महिने मागे सापडतं. बहुतेकांची गळती सहा महिन्यांत थांबते. तोवर फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) आणि टीएसएच बघून घ्यावं.

परीक्षानळी
लॅबमधून लिहितो. रक्त देताना मुठीची उघडझाप करू नका. दंडाची पट्टी मिनिटापेक्षा जास्त आवळलेली आणि मूठ चालू, की पोटॅशियम खोटं वाढतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं, तेही पोटॅशियमचंच. त्या नळीतलं रक्त चुकून पिवळ्या नळीत गेलं तर पोटॅशियम एकदम वर आणि कॅल्शियम एकदम खाली दिसतं. असा जोड-रिपोर्ट आला आणि माणूस बरा दिसतोय, तर नमुना लगेच पुन्हा द्या.

कॅल्शियम एकटं वाचू नका, अल्ब्युमिनही बघा (रक्तातलं प्रथिन, बरंच कॅल्शियम त्यालाच चिकटलेलं असतं). अल्ब्युमिन ४ च्या खाली जितके ग्रॅम, तितक्या वेळा ०.८ कॅल्शियममध्ये मिळवायचे.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तपासायचं सकाळी ८ च्या सुमारास. दुपारी ४ ला रक्त देऊन आकडा सकाळच्या रेंजशी ताडतात आणि "ताणाने हार्मोन संपलं" म्हणतात. ते दुपारी कमी असायलाच हवं, मध्यरात्री तर सर्वांत कमी. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर उलट जास्त दिसतं, कारण त्याला वाहून नेणारं प्रथिन वाढलेलं असतं. नळीवर वेळ लिहिली आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

चाफेकळी
सगळ्यालाच उपाशीपोटी यायचं का दादा? कुकर लावलाय, उत्तर नंतर वाचते.

परीक्षानळी
नाही ताई. टीएसएचला उपाशी असायची गरज नाही, पण दर वेळी साधारण एकाच वेळी द्या, कारण पहाटे ते जास्त असतं. थायरॉइडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. लोहाच्या तपासण्यांना मात्र सकाळी, आणि आदल्या दिवशीची लोहाची गोळी टाळून. नुसतं 'सीरम आयर्न' करून काही कळत नाही, ते दिवसभर वरखाली होतं.

गावदवाखाना
फेरिटिनचा विषय निघालाच आहे तर. हिमोग्लोबिन १२.३ आहे म्हणजे रक्त ठीक, असं म्हणून थांबतात. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन शेवटी पडतं. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा रिकामा. १५ ते ३० आणि सोबत धाप, थकवा, केसगळती असेल तर मी तरी वाट बघत नाही. रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात, अशांना ७५ पर्यंतही लोह देतात. आणि ही तक्रार "टेन्शन" म्हणून सर्वांत जास्त वेळा हातावेगळी केली जाते. ताप, संधिवात, कुठलीही सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं, म्हणून सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी).

पाटीवरची पेन्सिल, भाजलेली माती, कच्चे तांदूळ, बर्फ. याची तलफ बायका लाजेने सांगत नाहीत. सरळ विचारा. लोह पोटात जायला लागलं की बहुतेकींची तलफ हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच जाते.

एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) कमी दिसला की डोळे मिटून लोह नको. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागा. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक, सौम्य दोष) संशय धरून एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) करा, ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर तेच. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली घरांत हे आवर्जून बघावं. साठा भरलेला असताना महिनोन्महिने लोह देऊन एमसीव्हीचा आकडा हलत नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी आधी.

पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी असेल तर गोळी देऊन मोकळं होऊ नका. रक्त कुठून जातंय ते शोधा : मूळव्याध, अल्सर, आतड्याचा कॅन्सर. हे कळकळीने सांगतो.

उपकेंद्र
गावदवाखाना डॉक्टर, पेन्सिलीचं अगदी खरं.
आमच्याकडच्या गोळ्या : गरोदर बाईला लाल, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, मग बाळंतपणानंतर पुन्हा १८०. शाळेतल्या मोठ्या मुलींना-मुलांना निळी, आठवड्याला एक. ५ ते ९ वयाला गुलाबी, ४५ मिलिग्रॅमची.
घात करतो चहा. गोळीवर लगेच चहा घेतला तर गोळी बरीचशी वाया. आधी-नंतर तासभर चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी गिळतात, "दोन्ही ताकदीच्याच ना" म्हणून. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह झोपताना, मध्ये दोन तास. मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या, पण सोडू नका. शी काळी होते, ते लोहच आहे. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोळ्या फळीवर जातात.

चाफेकळी
काळ्या शीचं कुणी सांगत नाही गं, खरंच. एक दिवसाआड घेतली तर चालते म्हणतात ते?

गावदवाखाना
चालते, आणि त्याला कारण आहे. एका डोसनंतर यकृत हेपसिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि साधारण दिवसभर आतड्याचं दार लोटलेलं राहतं. दुसऱ्या दिवशीचा डोस त्यामुळे कमी शोषला जातो आणि पोटात नुसती जळजळ. साध्या कमतरतेत दिवसाआड एकदम एक डोस बऱ्याच जणींना सोसतो. गरोदर असाल किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर रोजचीच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल नाही. आकडा नीट झाल्यावरही तीन महिने चालू ठेवा, नाहीतर साठा भरतच नाही.

भाकरतुकडा
आहाराचं लिहिते, स्वयंपाक उरकत उरकत, तुटक झालं तर समजून घ्या.
आपल्या धान्य-डाळींत लोह, झिंक, मॅग्नेशियम आहे, पण फायटेटमध्ये (दाण्यातलं खनिजं धरून ठेवणारं द्रव्य) अडकलेलं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ते सुटतं. मटकी आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधा, मोड अर्धा सेंटिमीटर पुरे. नाचणीची आंबील : दोन मोठे चमचे पीठ, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे ताक, रात्रभर झाकून. सकाळी दीड-दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून गुठळी न होऊ देता सात-आठ मिनिटं शिजवायचं. गार झाल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. गरम असताना ताक घातलं तर फुटतं.
पालेभाजीवर लिंबू पिळा, ताटात पेरूची फोड किंवा आवळा घ्या. क जीवनसत्त्व सोबत असेल तर भाजीतलं लोह शोषलं जातं. पण लिंबू गॅस बंद केल्यावर, शिजवून नाही.

कोयना
लसूण घातलेली आंबील! आमच्याकडे हिरवी मिरची वाटून घालतात. लोखंडी कढईचं पण लिहा ना कुणी.

भाकरतुकडा
मिरचीवाली पण छान लागते ताई. कढई : आतून कसला लेप नसलेली, साधी. टोमॅटो, चिंच, आमसूल असं आंबट शिजवलं की लोह जास्त उतरतं. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर भाजी काळी पडते आणि तुरट लागते. धुऊन लगेच पुसा, तेलाचा हात फिरवा. थॅलेसेमियाच्या पेशंटच्या घरी मात्र ही कढई नको.

कोयना
धन्यवाद. आता माझ्या कामाचं, स्त्रीरोग विभागातलं.
पाळी दोन-तीन महिने आली नाही की घरचे म्हणतात परीक्षेचं टेन्शन. असू शकतं. खूप ताण, खूप व्यायाम, कमी खाणं यांनी मेंदूकडून बीजकोशाला जाणारा इशारा मंदावतो. पण ते निदान सर्वांत शेवटी करायचं. आधी गर्भचाचणी, टीएसएच, प्रोलॅक्टिन (छातीत दूध आणणारं हार्मोन).
प्रोलॅक्टिन सुईच्या भीतीनेही वाढतं. उठल्यावर दोन-तीन तासांनी, आणि लॅबमध्ये अर्धा तास शांत बसून मग नमुना. थोडं वाढलेलं आलं तर आधी पुन्हा करा, मेंदूचा एमआरआय नंतर.
आणि पित्ताच्या कॅप्सूलचं पाकीट उलटं करून वाचा. डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलंय? दोन्हींनी प्रोलॅक्टिन वाढतं. पाळी चुकते, छातीतून दूध येतं, आणि घरात नको त्या शंका सुरू होतात. मुलगी बिचारी रडकुंडीला येते. ती कॅप्सूल अ‍ॅसिडिटीची म्हणून महिनोन्महिने चालू असते आणि औषधं विचारली तर कुणी तिचं नावही घेत नाही.

रानजाई
कोयनाताई, हे छापून दुकानात लावावं असं आहे. रोज मागतात ती कॅप्सूल, पाणीपुरी खाऊन.
पित्ताच्या गोळीचाच धागा पुढे नेते. पँटोप्राझोल-राबेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणि मॅग्नेशियम दोन्ही घटू शकतात. मेटफॉर्मिननेही (डायबेटिसची गोळी) बी-१२ घटतं. डायबेटिसवाल्याचे तळपाय जळतात, सगळे साखरेवर ढकलतात आणि बी-१२ तपासलेलंच नसतं. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊ नका, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.
ड जीवनसत्त्व ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, सहसा आठ आठवडे, दूध किंवा जेवणाबरोबर. हे रोज एक घेणारे दिसतात. कॅल्शियम चढतं, उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठ, किडनीला इजा. पाकिटावर वार लिहून द्यावा, उदाहरणार्थ "दर रविवारी". तपासणी २५-हायड्रॉक्सी डी मागा, १,२५ वाली नव्हे.
झिंक ५० मिलिग्रॅम करोनापासून काही जण थांबलेलेच नाहीत. मोठ्या माणसाची वरची मर्यादा ४०. जास्त झिंकने तांबं शोषलं जात नाही, मग रक्त कमी आणि पायात बधिरपणा.

पिंपळपान
मॅग्नेशियमबद्दल. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही साठा कमी असू शकतो. पोटॅशियम किंवा कॅल्शियम कितीही भरलं तरी वर येत नसेल तर मॅग्नेशियम बघाच. ऑक्साइडच्या गोळीत आकडा मोठा पण शोषण कमी, जुलाब जास्त. किडनीचा त्रास असेल तर स्वतःहून कुठलंच घेऊ नका.

आणि पॅनिकमध्ये हाताची बोटं आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात. लोक कॅल्शियमचं इंजेक्शन मागतात. भरभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मोकळं कॅल्शियम प्रथिनाला चिकटतं. एकूण कॅल्शियम नॉर्मलच. चार मोजून नाकाने श्वास आत, सहा-सात मोजून बाहेर, पाच-दहा मिनिटं. तोंडावर पिशवी धरू नका, दमा किंवा हार्टचा त्रास असला तर जिवावर बेतेल. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्याला असंच झालं तर मात्र लगेच कॅल्शियम तपासा, तिथे कमतरता खरी असते.

गावदवाखाना
कॉर्टिसॉलवर एक राहिलं. "ताणाने अ‍ॅड्रिनल थकली" असं निदान वैद्यकात मान्य नाही. (ही किडनीवरची ग्रंथी, कॉर्टिसॉल तीच बनवते.) अ‍ॅड्रिनल खरोखर बंद पडते ती अ‍ॅडिसन आजारात, त्यात आपल्याकडे टीबी हे महत्त्वाचं कारण. वजन उतरणं, उभं राहिल्यावर चक्कर, मिठाची ओढ, हाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडणं. सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर जवळजवळ नक्की.
दुसरं कारण आपणच तयार करतो : वजन वाढवायच्या, सांधेदुखीच्या, दम्याच्या बिननावाच्या पुड्या, ज्यांत अनेकदा स्टेरॉइड निघतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर एकदम थांबवू नका. ग्रंथी झोपलेली असते, तापात किंवा ऑपरेशनमध्ये बीपी कोसळतं. हळूहळू कमी करायचं, डॉक्टरांच्या नजरेखाली.

उपकेंद्र
मिठाचं पण लिहा. सैंधव "चांगलं" म्हणून रोजच्या जेवणात वापरतात, त्यात आयोडीन नसल्यासारखंच. उपवासाला ठीक, रोज नको, गरोदर बाईला तर नकोच. आयोडीनवालं मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, गॅसजवळ नको. दुकानातल्या मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम लागतं. तपासायचा थेंब टाकला की मीठ निळं-जांभळं होतं, पांढरंच राहिलं तर त्यात आयोडीन नाही.

चाफेकळी
सगळं वाचलं, कुकर पण झाला. सासूबाईंना थायरॉइडची गोळी आहे आणि सकाळी सातला नाचणीसत्त्व दुधातून लागतं. गोळी त्याच्याबरोबरच घेतात.

रानजाई
तिथेच अडतंय बघ. उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर गोळी, मग पाऊण-एक तासाने नाचणीसत्त्व. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर चार तास लांब. सकाळी जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी, पण रोज तीच वेळ. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, बहुधा डोस कमी करावा लागेल. तो डॉक्टरांनाच ठरवू दे.