सकाळी डेस्कटॉप सुरू होत नाही, वीस मिनिटांनी होतो: दोष मदरबोर्डचा की एसएमपीएसचा?

अक्षरजुळणी (प्रश्न)

मी चिपळूणमध्ये घरूनच लग्नपत्रिका आणि पुस्तकांच्या मांडणीची कामे करते. त्यासाठी २०१६ मध्ये जुळवून घेतलेला डेस्कटॉप वापरते. गेले दोन महिने सकाळी बटण दाबले की प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम एक फेरा घेऊन थांबतो. पडद्यावर काही येत नाही आणि बीपही वाजत नाही. भिंतीवरचा स्विच चालू ठेवून वीसेक मिनिटांनी पुन्हा बटण दाबले की तो व्यवस्थित सुरू होतो आणि रात्री मी स्विच बंद करेपर्यंत एकदाही अडत नाही.

दुकानदाराने दुपारी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बाहेर काढला, हिरवी आणि काळी तार जोडून त्याचा पंखा फिरवून दाखवला आणि मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. या प्रोसेसरला बसणारा नवा मदरबोर्ड आता मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागेल, आणि तेवढा खर्च सध्या मला झेपणारा नाही. आणखी एक गोष्ट अशी की अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. या दोन्हींचा काही संबंध असेल का?

सिंधुदुर्गकर

आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर धरतो, म्हणून प्लग काढून रॅम बाहेर घ्या आणि त्या पट्ट्या साध्या खोडरबरने पुसून पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेलही इतक्या वर्षांत संपला असेल, तोही बदलून घ्या.

तारतंत्री

वरचे दोन्ही उपाय स्वस्त आहेत आणि करायला हरकत नाही, पण रॅमचा संपर्क बिघडला तर पंखा सहसा फिरत राहतो, आणि सेल संपला तर घड्याळ मागे पडते. रोज सकाळी अडणे आणि रोज वीस मिनिटांनी सुटणे हे या दोन्हींशी जुळत नाही.

तुमच्या वर्णनातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य रात्री भिंतीवरचा स्विच बंद करण्याचे आहे. संगणक बंद दिसत असला तरी स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसमधला एक छोटा भाग जांभळ्या तारेवर सतत ५ व्होल्ट देत असतो आणि बटण दाबल्याची दखल घेणारा मदरबोर्डचा भाग त्यावरच जागा राहतो. बटण दाबताच मदरबोर्ड हिरवी तार शून्याकडे ओढतो, मग १२, ५ आणि ३.३ व्होल्ट उभे राहतात आणि ते स्थिर झाल्याची खूण अर्ध्या सेकंदाच्या आत करड्या तारेवर यावी लागते; ती आली नाही तर प्रोसेसर कामाला लागतच नाही. त्या छोट्या भागातले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारे सुटे भाग, कायम गरम जागेत असल्यामुळे आतून सुकत जातात. सुकलेला कॅपॅसिटर थंड असताना फार कमकुवत असतो आणि ऊब मिळाली की तात्पुरता सावरतो. तुमची वीस मिनिटे बहुधा त्या उबेचीच आहेत.

दुकानातल्या चाचणीतून एसएमपीएस चालू होतो एवढेच कळते, कारण तेव्हा त्याच्यावर मदरबोर्डचा भार नव्हता आणि भर दुपारी तो थंडही नव्हता. म्हणून मोजमाप सकाळी, सगळे जोडलेले असतानाच करा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी टोचणी कोणत्याही काळ्या तारेला आणि लाल टोचणी २४ पिनांच्या जोडणीत मागच्या बाजूने जांभळ्या तारेला लावा. आकडा ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर गेला तर दोष एसएमपीएसचा. पिवळ्या तारेवर, संगणक चालू असताना, ११.४ ते १२.६ हवेत. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. २३० व्होल्टचा एसी पुरवठा आत डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्ट मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे राहू शकतो.

साताऱ्याचा वायरमन

ताई, झिणझिण्यांचे कारण वेगळे आहे, पण ते आधी बघा. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक लहान कॅपॅसिटर जोडलेला असतो आणि त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह अर्थिंगने जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. आज प्रवाह थोडा आहे म्हणून झिणझिण्यांवर भागते, पण आतली फेज पत्र्याला टेकली तर जिवावर बेतेल. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ सुमारे २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. हे काम स्वतः न करता वायरमनला बोलवा.

अक्षरजुळणी

सलग तीन सकाळी मोजले. जांभळ्या तारेवर सुरुवातीला ४.३१ आले आणि बटण दाबताच आकडा ३.८ पर्यंत घसरला. अठरा मिनिटांनी तीच तार ४.९३ दाखवत होती आणि संगणक सुरू झाला. मग भाच्याचा एसएमपीएस आणून जोडला, तेव्हा दोन्ही दिवस सकाळी पहिल्याच बटणाला काम झाले. वायरमनने भिंतीतला बोर्ड उघडला, तर अर्थिंगची हिरवी तार मागे गुंडाळून ठेवलेली होती. ती सॉकेटला कधी जोडलेलीच नव्हती. आता ती जोडल्यावर न्यूट्रल ते अर्थ १.६ व्होल्ट येतात आणि झिणझिण्या पूर्ण थांबल्या आहेत. आता नवा एसएमपीएस घेताना काय पाहावे?

तारतंत्री

फार बरे वाटले. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ४५० वॅटवर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. तिथे १८ असेल तर १२ व्होल्टवर त्याच्याकडून फक्त २१६ वॅट मिळतील. वेगळे ग्राफिक कार्ड नसेल तर तुमच्या संगणकाला तेवढेही पुरेल, पण ८० प्लसची (वीज कमी वाया जात असल्याची) खूण आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्या. जुना एसएमपीएस भंगारात देण्याआधी त्यावर ठळक अक्षरांत ‘सदोष’ असे लिहा, कारण दुपारच्या चाचणीत तो चांगलाच ठरेल आणि पुन्हा कुणाच्या तरी कॅबिनेटमध्ये बसवला जाईल.