सर्वात जास्त पाऊस पडला तिथेच नकाशा पांढरा! लेजेंडचं काय चुकतंय?

रेषाळ
नमस्कार मंडळी. दोन रात्री गेल्या, आता विचारतेच.

एका चक्रीवादळाच्या पाच दिवसांच्या पावसाचे नकाशे काढतेय. डेटा ईआरए-५ चा (मागच्या हवामानाचा संगणकाने पुन्हा मांडलेला जागतिक डेटा), तासातासाचा. २४ तासांची बेरीज करते आणि मॅटप्लॉटलिबच्या (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) कॉन्टूरएफने पट्ट्या-पट्ट्यांत रंग भरते. सुरुवातीला लेजेंडवर (कुठला रंग म्हणजे किती पाऊस ते सांगणारी पट्टी) ०.०२, ०.०४ असे आकडे बघून धसकाच घेतला होता. हा पाऊस मीटरमध्ये असतो हे नंतर कळलं. १००० ने गुणलं, मिलिमीटर झाले. इतकं माझं मी निस्तरलं.

मग पाचही नकाशे शेजारी-शेजारी लावले, तर प्रत्येकाचं लेजेंड निराळं. तोच गडद निळा पहिल्या दिवशी ३० मिमी आणि तिसऱ्या दिवशी १४०. म्हणून व्हीमिन ०, व्हीमॅक्स १०० (रंगांची खालची-वरची मर्यादा) दिलं. रंग जुळले, पण लेजेंड एका नकाशात ३५ लाच संपतं आणि दुसऱ्यात १६० पर्यंत जातं, वर १०० च्या पुढचे सगळे पट्टे एकाच रंगाचे.

शेवटी लेव्हल्समध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या सीमांमध्ये, नम्पायचं अरेंज(०, १००, १०) टाकलं, दहा-दहाच्या पायऱ्या. आता पाचही लेजेंड अगदी सारखी. आनंद दहा मिनिटं टिकला. तिसऱ्या दिवशी वादळाच्या ऐन गाभ्यात पांढरं भोक! त्या ठिकाणची किंमत छापून बघितली, १४७ मिमी. म्हणजे डेटा ठीक आहे.

लाजिरवाणा भाग असा की हा नकाशा मी आमच्या सरांना आधीच दाखवलाय. ते खूश होऊन म्हणाले, ‘‘वा, वादळाचा डोळा किती स्वच्छ आलाय!’’ आणि मी मान डोलावली.

कोरडा_ढग
कॉन्टूरएफमध्ये एक्स्टेंडला ‘मॅक्स’ द्या, वरच्या सीमेपुढेही रंग भरेल. भोक बुजेल.

जुना_प्लॉटवाला
वरचं उत्तर बरोबर आहे, पण भोक का पडलं ते कळलं नाही तर पुढच्या नकाशात पुन्हा पडेल.

कॉन्टूरएफ फक्त तुम्ही दिलेल्या सीमांच्या आतच रंग भरतं. सर्वात वरच्या सीमेच्या पुढे गेलेल्या जागेला ते हातच लावत नाही, मागचा कागद दिसतो. आणि तुमची वरची सीमा १०० नाहीच! अरेंज शेवटचा आकडा घेत नाही, तुमची यादी ९० ला थांबते. लेजेंडचं टोक नीट बघा, तिथे ९० च असेल. हे मी स्वतः इतक्या वेळा केलंय की आता सीमा हाताने टाइप करतो.

व्हीमिन-व्हीमॅक्सचं कोडंही यातलंच. ते फक्त रंगांचा ताण ठरवतात, पट्टे कुठे पाडायचे ते नाही. सीमा दिल्या नाहीत तर कॉन्टूरएफ त्या-त्या दिवसाचा डेटा बघून स्वतः पाडतं, आणि कलरबार (तुमचं लेजेंड) पट्ट्यांमागे जातो. म्हणून ३५ आणि १६०.

पावसाला दहा-दहाच्या सारख्या पायऱ्या मुळात शोभत नाहीत. १, १०, २५, ५०, ७५, १००, १५०, २०० अशा घ्या. सीमा ८, मधले कप्पे ७, एक्स्टेंडमुळे लेजेंडच्या टोकाला येणाऱ्या त्रिकोणासकट रंग ८ लागतील. सोबत बाउंड्रीनॉर्म लावा, ते प्रत्येक कप्प्याला वेगळा रंग देतं. नाहीतर रंग सरळ प्रमाणात वाटले जातात, आणि १–१० व १०–२५ हे दोन्ही कप्पे जवळपास एकाच फिकट रंगाचे दिसतात.

आता खरं दुखणं. तुमच्या नकाशात पांढऱ्याचे अर्थ किती आहेत ते मोजा. पाऊस नाही, डेटा नाही, आणि पाऊस लेजेंडच्या बाहेर. ईआरए-५ मध्ये डेटाची भोकं सहसा नसतात, पण उद्या उपग्रहाचा किंवा रडारचा डेटा घेतलात की असतील. तेव्हा अक्षाची (नकाशाच्या चौकटीची) पार्श्वभूमी करडी करा. कॉन्टूरएफसाठी कलरमॅपचा ‘सेट-बॅड’ (डेटा नसलेल्या जागेचा रंग) लावून उपयोग नाही, तो चौकोन-चौकोन रंगवणाऱ्या पीकलरमेशला चालतो. कॉन्टूरएफ मास्क केलेली (डेटा नाही म्हणून झाकलेली) जागा नुसती सोडून देतं. मग पहिला कप्पा ० ते १ चा ठेवून त्याला मुद्दाम पांढरा रंग द्या (सीमा ९, रंग ९). पांढरं म्हणजे कोरडं, करडं म्हणजे माहिती नाही.

आणि डोळ्याबद्दल: २४ तासांच्या बेरजेत डोळा सहसा दिसत नाही हो. तेवढ्या वेळात वादळ पुढे सरकलेलं असतं, डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीचा पाऊस त्या जागेवरून फिरून जातो. शिवाय ईआरए-५ ची जाळी पाव अंशाची, साधारण २५–३० किलोमीटरची. डोळा म्हणजे त्यातले एक-दोन चौकोन.

समदाब
एक जोड देतो. याच नकाशावर दाबाच्या रेषा टाकणार असाल तर प्लॉट-कलरबार रिकाम्या कंसाने बोलावू नका. तो शेवटी काढलेली गोष्ट उचलतो. माझ्या पावसाच्या लेजेंडवर दाबाचे आकडे, ९९६, १०००, १००४, आले होते आणि मी अर्धा दिवस पावसाचं एकक शोधत बसलो. कॉन्टूरएफने परत दिलेली वस्तू एका नावात धरून ठेवा आणि तीच कलरबारला द्या.

रेषाळ
झालं! भोक गेलं, तिथे आता १००–१५० चा जांभळा आहे. टोक खरंच ९० होतं. दोन रात्री ते समोर दिसत होतं, मी मनाने १०० वाचत होते.

पार्श्वभूमी करडी केल्यावर आणखी एक सापडलं. पाचव्या दिवसाच्या नकाशाची उजवी कड करडी आली. मी डेटा कापताना रेखांश चुकीचा घातला होता, एवढे दिवस ते कोरडं हवामान म्हणून खपत होतं.

सरांना नवा नकाशा पाठवलाय. ‘‘डोळा कुठे गेला?’’ म्हणून विचारलं. लेजेंडची चूक होती असं लिहिलंय, मान डोलावल्याचं लिहिलं नाही.

एकच राहिलं. फाइल सेव्ह केली की लेजेंडवरचा त्रिकोण अर्धा कापला जातो.

कोरडा_ढग
सेव्हफिगला बीबॉक्स-इंचेस ‘टाइट’.