टेबलावरचा मोबाईल आणि न सांगता येणारे पाहुणे

टेकडीवरचा:
'जुना कट्टेकरी' यांनी काल लिहिले की, फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरची चार मुले डोसा येईपर्यंत मोबाईलमध्ये डोके घालून बसली होती. सबब पुण्यातला संवाद संपला असून हॉटेलांनी मोबाईल दाराशीच जमा करून घ्यावेत. एका डोशावरून साऱ्या शहराचे श्राद्ध घालणे मला पटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हातात मोबाईल असला की समोरच्या माणसावरचे लक्ष उडते, हे कोणीच नाकारत नाही. २०१८ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तीनशेहून अधिक लोकांना मित्रांबरोबर किंवा घरच्यांबरोबर कॅफेत जेवायला बसवले, काहींना मोबाईल टेबलावर ठेवायला सांगितले आणि काहींना दृष्टीआड. टेबलावर मोबाईल असलेल्यांचे लक्ष अधिक वेळा विचलित झाले आणि त्या भेटीची गोडी त्यांना कमी लागली. परंतु तो फरक माफकच होता. शिवाय दोष नेहमी पोरांनाच का? आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की सगळे मौन धरतात आणि रात्री अकरा वाजता ग्रुपवर तलवारी उपसतात. हे सर्व वीर साठीच्या पुढचे आहेत.

जुना कट्टेकरी:
कॅनडातल्या कॅफेचा हिशोब आपल्याजवळच ठेवावा. गेल्या महिन्यात आमच्या घरी दुःखद प्रसंग घडला. भेटायला आलेला भाचा माझ्याशेजारी सतरंजीवर टेकला आणि ''कसं झालं हो, मामा?'' असे त्याने विचारले. मी सांगू लागलो, तेव्हा त्याची मान हलत होती आणि त्याच वेळी अंगठा पडद्यावर वर-वर सरकत होता. मी वाक्य अर्ध्यावर सोडले, तरी मान हलतच राहिली. हा फरकही माफकच समजावा का? पूर्वी माणसे न सांगता घरी येत, तासभर बसत आणि मन मोकळे करून जात. आता बेल वाजवण्याआधीसुद्धा मेसेज करावा लागतो.

दुपारची झोप:
भाच्याचे वागणे वाईटच होते, त्याबद्दल दुमत नाही. मात्र न सांगता येणाऱ्या पाहुण्यांचा सुवर्णकाळ नेमका कोणासाठी होता, हेही कधीतरी लिहावे. सकाळपासूनचा स्वयंपाक आवरून माझी आई दुपारी दोन वाजता कुठे पाठ टेकत असे, तोच बेल वाजे. बाहेरच्या खोलीत आपल्यासारख्यांचा संवाद बहरत असे आणि ती आत पोह्यांसाठी कांदा चिरत असे. त्या तासाभरात तिच्याशी कोणी चार वाक्ये बोलल्याचे मला आठवत नाही. ''येऊ का?'' असे आधी विचारणारा मेसेज हा माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत सभ्य शोध आहे.

पेठेतला:
येणे-जाणे मोबाईलने बंद पाडले, हा समजच चुकीचा आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. ज्याच्या घरी टीव्ही असे, त्याच्याकडे सारा वाडा जमे. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि संध्याकाळी आलेला पाहुणा नकोसा होऊ लागला. त्यातच वाडे पडले, ओटे गेले आणि फ्लॅटला सेफ्टी डोअर लागले. येता-जाता दिसणारा माणूसच जिथे दिसेनासा झाला, तिथे बिचाऱ्या मोबाईलला बोल लावून काय उपयोग?

जुना कट्टेकरी:
दुपारी दोन वाजता आम्ही कधीही कोणाकडे गेलो नाही. एक ते चार ही वेळ पुण्यात कोणाला शिकवावी लागत नाही. आपल्या मातोश्रींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु पाहुण्याला ओझे मानणाऱ्या पिढीशी आपुलकीविषयी वाद घालण्यात मला स्वारस्य नाही.

दुपारची झोप:
ते ओझे वाहिले कोणी, एवढेच मी विचारले होते. आयुष्यात एकदा तरी आपण पाहुण्यांसाठी पोहे केले असतील, तर तसे स्पष्ट लिहावे.

दोन्ही कानांनी:
पोह्यांचा निकाल लागेल तेव्हा लागेल. माझ्या वडिलांना जवळजवळ ऐकू येत नाही आणि श्रवणयंत्र लावले तरी चौघे एकदम बोलू लागल्यावर त्यांना काहीच उमगत नसे, त्यामुळे ते पंक्तीत हसरा चेहरा करून गप्प बसत. आता त्यांच्या ताटाशेजारी मोबाईल असतो आणि आमचे बोलणे मराठी अक्षरांत त्यावर उमटते. पुष्कळदा ते चुकीचे उमटते आणि त्यावरूनच हशा पिकतो. पण परवा त्यांनी माझ्या भावाला मध्येच तोडून कोपरखळी मारली. हॉटेलच्या दाराशी मोबाईल जमा करायचा ठरवलात, तर त्यांना बाहेरच बसवणार का?

जुना कट्टेकरी:
अशा गरजेच्या वापराला माझा विरोध असण्याचे कारण नाही. तेवढी सवलत मी उदार मनाने देतो. तरीही सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून जे केले, ते पुण्याला का जमू नये? तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाईल व टीव्ही बंद राहतात.

टेकडीवरचा:
वडगावचा दाखला चांगला आहे, परंतु तो आपल्याविरुद्धच जातो. मुलांच्या अभ्यासासाठी साऱ्या गावाने मिळून तो निर्णय घेतला आणि मोठ्यांनीही आपले टीव्ही बंद केले, म्हणून तो टिकला. आपण मात्र शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी मुलांसाठी नियम करू पाहता. भाच्याच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे. मग त्याला त्याच वेळी ''आधी तो ठेव'' असे का सांगितले नाही?

जुना कट्टेकरी:
कारण तो पाहुणा होता, आणि आमच्या घरात पाहुण्याला टोकत नाहीत. आपला हा मुद्दा मात्र बिनतोड आहे, असे समजून आपण आनंदात राहावे. एवढे सगळे टंकण्यापेक्षा रविवारी सकाळी सात वाजता सर्वांनी संभाजी उद्यानाच्या फाटकाशी यावे, समोरासमोरच बोलू. माझा मोबाईल घरी असेल, तेव्हा उशीर होणार असल्यास कळवण्याचा खटाटोप करू नये.

दुपारची झोप:
येते. नाश्त्याचे पैसे कोण देणार आहे, तेवढे आधी कळवावे.