मदत हवी आहे: इंदूर, एफएफपीच्या (गोठवलेला ताजा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव) ४ पिशव्या, ओ गटाचा प्लाझ्मा चालेल का?

राजवाडा_इंदूर: काका (बी पॉझिटिव्ह, ६० किलो) लिव्हर सिरॉसिसमुळे इथे इंदुरात दाखल आहेत. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) २.८, अल्ब्युमिन (रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारं प्रथिन) २.१, हिरड्यांतून येणारं रक्त थांबत नाही. एफएफपीच्या ४ पिशव्या आणायला सांगितल्यात. चुलतभाऊ ओ निगेटिव्ह आहे, ‘ओ सगळ्यांना चालतं’ म्हणतात, मग त्याचाच द्यावा का? पायांची सूजही उतरेल ना?

पेढीतंत्रज्ञ: ओचा प्लाझ्मा अजिबात नको. ओ सगळ्यांना चालतं ते लाल पेशींच्या बाबतीत. प्लाझ्म्याचा हिशेब बरोबर उलटा: ओच्या प्लाझ्म्यात अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी गटाच्या लाल पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं) दोन्ही असतात, त्यानं काकांच्या लाल पेशी फुटतील. बी किंवा एबीचा मागा, आरएच जुळायची गरज नाही. भावाला रक्तदान जरूर करू द्या, पण ते बदली म्हणून. काकांना पिशव्या साठ्यातूनच मिळतील.

डोस किलोला १० ते १५ मिली, म्हणजे ६०० ते ९००. पिशवी साधारण २०० ते २५० मिलीची, म्हणून ४.

खरा घोळ होतो तो वितळवताना. पिशवी उणे ३० अंशांवर असते, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास तरी लागतो. गोठलेलं प्लास्टिक काचेसारखं तडकतं, चीर वितळल्यावरच दिसते. गळती किंवा गुठळी दिसली तर पिशवी परत करा. वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवत नाहीत आणि त्यातले फॅक्टर ५ नि ८ (रक्त गोठवणारे घटक) घटत जातात. म्हणून वॉर्डात सुई लागलीय, फिल्टरवाला बीटी सेट (रक्त चढवायची नळी) आलाय, हे फोनवर विचारूनच वितळवायला सांगा. आधी दोनच. लावलेली पिशवी ४ तासांत संपायला हवी.

यकृत_ओपीडी: सूज यानं उतरणार नाही. २०० मिली प्लाझ्म्यात अल्ब्युमिन जेमतेम ८ ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम. एफएफपी द्यायचं ते रक्त थांबत नाही म्हणून, नुसता आयएनआर वाढलाय म्हणून नव्हे. गोठण्याचे बहुतेक घटक यकृतच बनवतं, ते थकलं की बाहेरून द्यावे लागतात. फायब्रिनोजेन (रक्ताची गुठळी बनवणारं प्रथिन) तपासलंय का, हे डॉक्टरांना विचारा. १०० मिली रक्तामागे १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर क्रायोचा (प्लाझ्म्यातून काढलेला, फायब्रिनोजेन जास्त असलेला भाग) विचार होतो.

पहिली १५ मिनिटं कुणीतरी खाटेजवळ थांबा. अंगावर गांधी, थंडी किंवा धाप दिसली तर लगेच सिस्टरना बोलवा, त्या पिशवी बंद करतील. धाप नंतरही लागू शकते: ९०० मिली पाणी एकदम अंगात जातंय.

राजवाडा_इंदूर: बीच्या दोन पिशव्या राखून ठेवायला सांगितल्या. वॉर्डातून फोन आला की वितळवायला सांगतो.

पेढीतंत्रज्ञ: नेताना बर्फाला थेट टेकवू नका, थंड पेटीतच न्या. पिशवीवरचा नंबर आणि गट सिस्टरसमोर फॉर्मशी ताडून घ्या.