टेबलबेस म्हणतो पांढरा जिंकतो, इंजिन म्हणतं बरोबरी: दोन उंट विरुद्ध घोडा

तिरका_उंट:
बुद्धिबळाच्या डावाचा शेवट: पांढऱ्याचे दोन उंट विरुद्ध काळ्याचा एक घोडा, राजे धरून पाच मोहरे. शेवटची मारामारी होऊन दोघांच्या 15-15 चाली झाल्यात. ही स्थिती पटावर नव्याने मांडून सिझिजी टेबलबेसला (थोडे मोहरे उरलेल्या सगळ्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल) विचारली तर उत्तर येतं: पांढरा जिंकतो, डीटीझेड 90. तोच डाव पहिल्या चालीपासून स्टॉकफिश या इंजिनमध्ये चढवला तर आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो. नालिमोव टेबलबेस सरळ मातेपर्यंतच्या चाली मोजून मोकळा. शिकवताना ही स्थिती जिंकलेली धरायची की बरोबरीची? आणि टेबलबेसच्या फाइलींचा सहा मोहऱ्यांचा संच उतरवून घ्यावा का?

अडीच_घरं:
चूक कोणाचीच नाही, तुम्ही तिघांना तीन वेगळे प्रश्न विचारलेत.

डीटीझेड म्हणजे पुढची मारामारी, प्याद्याची चाल किंवा मात होईपर्यंतचं अंतर, आणि ते अर्ध्या चालींत असतं (एका बाजूची खेळी म्हणजे अर्धी चाल). म्हणजे 90 = 45 चाली. 50 चालींचा नियम असा: दोघांच्या 50-50 चालींत मारामारी किंवा प्याद्याची चाल झाली नाही तर बरोबरी मागता येते. टेबलबेसला डावाचा इतिहास माहीत नसतो. या नियमाची मोजणी आत्ता शून्यापासून सुरू झाली असं तो धरून चालतो. तुमच्या 15 चाली म्हणजे 30 अर्ध्या चाली आधीच खर्च झाल्यात. 30 + 90 = 120, मर्यादा 100. काळ्याने अचूक बचाव केला तर आणखी 35 चालींनी तो बरोबरी मागेल आणि घोडा तेव्हाही पटावरच असेल.

फेनमधला (स्थिती एका ओळीत लिहिण्याची पद्धत) पाचवा रकाना याच मोजणीचा. स्थिती हाताने मांडली की तिथे 0 येतो. 30 टाका आणि पुन्हा विचारा. स्टॉकफिशला पूर्ण डाव दिल्यामुळे ते आपोआप कळलं. त्यातला 'सिझिजी50मूव्हरूल' पर्याय बंद केलात तर तेही जिंकलं म्हणेल. नालिमोव 50 चालींचा नियम मानतच नाही.

या एंडगेमची (डावाच्या शेवटच्या टप्प्याची) खोड जुनी आहे. घोडा बी7 वर आणि राजा शेजारी, असा किल्ला 1851 पासून अभेद्य समजला जायचा. 1983 मध्ये संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसनने संगणकाने सगळ्या स्थिती काढल्या तेव्हा कळलं की तो फोडता येतो, पण सर्वांत वाईट स्थितीत घोडा मारायलाच 66 चाली लागतात. म्हणून फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1989 मध्ये याच्यासह काही एंडगेमना 50 ऐवजी 75 चालींची सवलत दिली आणि 1992 मध्ये काढून घेतली. माझ्या मते बरंच झालं, पंचांच्या डोक्याला ताप होता.

सातव्या_घरातलं_प्यादं:
वरच्या बेरजेत एक खाच आहे. सिझिजीच्या काही फाइलींत अंतर पूर्ण चालींत साठवलेलं असतं, त्यामुळे डीटीझेड एका अर्ध्या चालीने चुकू शकतं. खर्च झालेल्या अर्ध्या चाली आणि डीटीझेड यांची बेरीज 99 किंवा कमी येणारी चाल हाताशी असेल तर 100 वाली घेऊ नका.

दुसरं, डीटीझेडची 'सर्वोत्तम' चाल विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवू नका. वजीर आणि प्यादं विरुद्ध एकटा राजा असेल तर दोन चालींत मात दिसत असूनही तो प्यादं ढकलतो, कारण त्याच्या हिशेबात ते अंतर 1 आणि मातेचं 3. मोजणी शून्य करायची म्हणून मोहरा फुकट देणंही त्याला चालतं, विजय टिकला म्हणजे झालं. शिकवायला नालिमोवच्या चाली जास्त माणसासारख्या वाटतात, फक्त 50 चालींवर नजर ठेवा.

तिरका_उंट:
म्हणजे पटावर बसलेल्या मुलाने सोडून द्यायचं?

अडीच_घरं:
मुळीच नाही. समोरचा टेबलबेस नाही. काळ्याची एक ढिली चाल आणि 90 चे 40 होतात, मग 100 च्या आत सहज बसतं. खेळत राहा, फक्त मोजणीवर नजर ठेवा.

घड्याळ_थांबवा:
आणि बचाव करणाऱ्याला हे शिकवा: 50 चाली झाल्या म्हणून डाव आपोआप थांबत नाही, बरोबरी मागावी लागते. 50वी चाल तुमची असेल तर ती खेळू नका. स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना सांगा. लिहिलेली चाल बदलता येत नाही. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता हक्क गेला. दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते. आपोआप बरोबरी होते ती 75 चालींनी, 2014 पासून. मात्र 75वी चाल मातेची असेल तर मातच धरतात.

सातव्या_घरातलं_प्यादं:
डाउनलोडचं राहिलं. तुमच्या एंडगेमला तीन-चार-पाच मोहऱ्यांचा संच पुरतो: 290 फाइली, एक जीबीच्या आत. सहाचा संच सुमारे 150 जीबी. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती-प्यादं रोज तपासत असाल तरच घ्या. सात मोहऱ्यांचा 17 टीबीच्या घरात जातो, तो ऑनलाइनच विचारावा.

डब्ल्यूडीएल फाइली (फक्त जिंक, बरोबरी की हार एवढंच सांगणाऱ्या) एसएसडीवर ठेवा, शोध घेताना इंजिन त्या सतत वाचतं. डीटीझेड फाइली फक्त पटावरच्या मूळ स्थितीला लागतात, त्या साध्या हार्डडिस्कवर चालतील. इंजिनला या फोल्डरांचा पत्ता देताना विंडोजवर दोन पत्त्यांमध्ये अर्धविराम, लिनक्सवर विसर्गासारखे दोन टिंब. फक्त सहाचा संच टाकून पाचचा विसरलात तर उत्तरं मिळणार नाहीत, कारण मारामारीनंतरची स्थिती लहान फाइलीत शोधली जाते. अर्धवट उतरलेली फाइल इंजिन बंद पाडू शकते, चेकसम (फाइल पूर्ण आहे का ते तपासायचा आकडा) जुळवून घ्या.