'बिटवीन यू अँड आय' शुद्ध नाही, मुलांना तसं लिहायला लावू नका

नौपाड्याचा मास्तर
काल इथं एका पालकांनी लिहिलं, की मुलीच्या निबंधात 'बिटवीन यू अँड मी' होतं, ते त्यांनी घरी खोडून 'आय' करायला लावलं. 'मी' म्हणे गावठी, 'आय' म्हणजे शिकलेल्या माणसाचं. खाली कितीतरी जणांनी 'बरोबर केलंत' म्हटलं. मी गप्प बसणार होतो, पण बसवलं नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांना मी २२ वर्षं इंग्रजी शिकवतोय. तुम्ही बरोबर उत्तर खोडून चूक लिहायला लावलीत. आपण 'तू आणि मीमध्ये' म्हणतो का? 'तुझ्यामाझ्यात' म्हणतो. शब्दयोगी अव्यय आलं की 'मी'चं 'माझ्या' होतं, हे पाचवीतल्या पोराला कानानं कळतं. इंग्रजीत नामांची ही रूपं केव्हाच गेली, सर्वनामांत तेवढी उरली: आय-मी, ही-हिम, वुई-अस, दे-देम. आपलं कर्त्याचं 'मी' आणि त्यांचं कर्माचं 'मी' उच्चाराला सारखं, म्हणून गोंधळात भर.

ही चूक जन्मते आपल्या ओरडण्यातून. पोरगं 'मी अँड राजू वेंट' म्हणतं, आपण दटावतो, 'राजू अँड आय म्हण!' कारण सांगत नाही. पोरगं एवढंच शिकतं, की 'अँड' आलं की 'आय' म्हणायचं. मग 'फॉर राजू अँड आय' सुरू होतं. राजूला काढा: 'फॉर आय' म्हणाल? 'बिटवीन'ला दोघं लागतात, तिथं दोघांच्या जागी एक शब्द घाला. 'बिटवीन वुई' की 'बिटवीन अस'? संपला प्रश्न.

ऐरोली नाइट शिफ्ट
संपला नाही, सर. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रात 'बिटवीन यू अँड आय' आहे. चारशे वर्षांपूर्वी तो काय तुमच्यासारख्या मास्तरांच्या ओरडण्यानं बिघडला होता? १९९२च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रचारात क्लिंटन, सोबतच्या उमेदवाराला धरून, 'गिव्ह अल गोर अँड आय अ चान्स' म्हणाले. भाषेचे अभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी १९९४च्या पुस्तकात त्यावर लिहिलंय: विभक्ती अख्ख्या जोडीला असते, आतल्या प्रत्येक शब्दाला ती लागलीच पाहिजे असं नाही. मराठीतही 'राम आणि श्यामला बोलाव' म्हणतोच ना? रामाला कुठं 'ला' लावला?

आणि तुमच्या 'यू'चं काय? ते मुळात कर्माचंच रूप. कर्त्याला 'यी' होतं, ते मेलं. तेव्हाही कुणीतरी मास्तर रडला असेल.

नौपाड्याचा मास्तर
राम-श्याम नामं आहेत, मी सर्वनामांबद्दल बोलतोय. 'तू आणि मला बोलाव' म्हणून दाखवा. नाही जमणार. 'तुला आणि मला'च म्हणावं लागेल. शेक्सपिअरचं मान्य, पण माझ्या पोरांचे पेपर शेक्सपिअर तपासत नाही.

घोडबंदरची वाचक
इंग्रजीसाठी एवढा जीव काढताय, मराठीचं काय? आमच्या लिफ्टमध्ये रोज ऐकते, 'माझी मदत कर'. अहो, 'मला मदत कर'! 'मेरी मदद करो'चं शब्दशः मराठी झालंय. 'मी त्याला बोललो की येतो' हेही तसलंच. 'म्हणालो' हा शब्द ठाण्यातून हद्दपार झालाय. माझा स्वतःचा मुलगा तसं बोलतो आणि मला रात्री वाईट वाटत राहतं.

कोपरी पूल
'बोललो' मुंबईत आमच्या आजोबांपासून आहे. लालबागच्या चाळीत सगळे तसंच बोलायचे. त्यांना काय हिंदी शिकवायला कुणी आलं होतं?

घोडबंदरची वाचक
आजोबा बोलायचे म्हणून बरोबर होत नाही. शुद्ध ते शुद्ध.

घणसोली गाववाला
हा 'शुद्ध' शब्द जरा जपून वापरा, ताई. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली, आमचं गाव त्याच्या कितीतरी आधीचं. माझी आजी 'मला' म्हणत नव्हती, 'मना' म्हणायची. 'मना पानी दे.' पहिलीत मी बाईंना 'मना' म्हणालो. त्यांनी बाकावर उभं केलं आणि अख्ख्या वर्गाकडून 'मला, मला' म्हणवून घेतलं. त्यानंतर चौथीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. आज आजी नाही, आणि माझ्या मुलांना 'मना' येत नाही. तुम्हाला एका 'माझी मदत'चं वाईट वाटतं. माझ्या घरातून अख्खी आगरी बोली गेली.

घोडबंदरची वाचक
बोलीबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही. माझ्या तोंडी घालू नका.

घणसोली गाववाला
तुम्ही काढलं नाहीत, त्या बाईंनीही नव्हतं काढलं. त्यांनी फक्त शुद्ध करून घेतलं.

नौपाड्याचा मास्तर
घणसोलीवाले, हे वाचून थांबलो. मीही अशी पोरं दुरुस्त केलीत, सगळ्यांसमोर. बाकावर उभं केलं नाही, पण हसलेल्या वर्गाला गप्पही केलं नाही. ते चुकलं माझं.

पण म्हणूनच सांगतो: त्या मुलीनं 'मी' लिहिलं तेव्हा तिला 'गावठी' म्हणून गप्प केलं गेलं, आणि तिचं तर बरोबर होतं! हाच माझा राग आहे. प्रश्न व्याकरणाचा कमी, 'गावठी' म्हणून हिणवण्याचा जास्त.

कालची आई
ती पोस्ट माझीच. 'गावठी' लिहायला नको होतं. ऑफिसात माझ्या साहेबांनी माझं 'मी' असंच खोडलं होतं, सगळ्यांच्या मेलमध्ये. मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून केलं. वहीत आज परत 'मी' केलंय. पण शाळेत बाईंनीच 'आय' करून दिलं तर?

नौपाड्याचा मास्तर
तर तिला 'बिटवीन अस'ची रीत शिकवा आणि बाईंना तिलाच विचारू द्या. नाही पटलं तर मी चिठ्ठी लिहून देतो.

घणसोली गाववाला
आणि उद्या तुमच्या वर्गात कुणी 'मना' म्हणालं तर?

नौपाड्याचा मास्तर
बोलताना खोडणार नाही. पेपरात 'मला' लिहायला सांगेन. यापुढे मी जाऊ शकत नाही.

ऐरोली नाइट शिफ्ट
मग बोलताना माझं 'बिटवीन यू अँड आय' पण खोडू नका.

नौपाड्याचा मास्तर
बोला. मेलमध्ये लिहू नका.